मिशी आमची, पीळ आमचा

मिशी ही काय लिहिण्यासारखी गोष्ट आहे का, असं विचारणाऱ्यांसाठीच हे लिहितोय.

भूक, जमीन, नोकरी, बहिष्कार एवढे विषय पुढ्यात पडलेले असताना हा गडी मिशीवर पानं काळी करतो, म्हणजे ह्याचं पोट भरलंय, असं आमच्यातलेच चार विचारवंत म्हणणार. म्हणू देत. मी त्यांना एवढंच विचारतो. गायरानासाठी अर्ज दिला तर कचेरीतला कारकून तो घेतो का नाही? घेतो. फायलीत घालतो, कुजवतो, पण घेतो. मोर्चा नेला तर तहसीलदार बाहेर येतो, निवेदन स्वीकारतो, फोटो काढून घेतो. पण आपला एखादा पोरगा मिशीला तेल लावून, पीळ भरून, गॉगल घालून, शीळ वाजवत पारावरनं गेला की तिथं कुणी अर्ज मागत नाही. तिथं काठी निघते.

ह्याचा अर्थ काय लावायचा? आम्ही मागतो, ते गावाला सोसतं. मागणारा खालीच उभा असतो. आम्ही मजा करतो, ते सोसत नाही.

म्हणून मिशीवर लिहायचं. आणि आधी मजेवर लिहायचं. रडगाणं नंतर.

*

मिसरूड फुटतं ते आधी बोटाला कळतं, मग डोळ्याला. ओठावर एक काळी सावली पडते. पोरगं उगाचच आरशापुढं घुटमळायला लागतं. आमच्या घरी आरसा म्हणजे मेढीला खिळ्यानं अडकवलेला, कोपरा उडालेला तुकडा. त्यात एका वेळी अर्धंच तोंड दिसायचं. त्यामुळं माझी मिशी मी पहिल्यांदा बघितली ती हप्त्यानं. डावी आधी, उजवी मागून.

पहिले तीन-चार आठवडे छळाचे. खाजते. केस ओठावरून खाली वळतात, घासाबरोबर तोंडात येतात. निम्मे गडी इथंच हरतात आणि ब्लेड मारून मोकळे होतात. जो टिकला त्यानं केसाला वळण लावायचं. नाकाखाली मधोमध भांग, तिथून दोन्ही अंगाला विंचरायचं, रोज, त्याच दिशेनं. केसाची जात वेलासारखी. जबरदस्तीनं मोडतो, रोज हात फिरवला की वळतो.

कात्री कोरड्या केसालाच लावायची. ओला केस लांब पडतो. तसाच कापला की वाळल्यावर वर सरकतो, आणि मग आठ दिवस लोक विचारतात, काय रे, उंदरानं कुरतडली का? आधी खालची कड, ओठाच्या रेषेला धरून. थोडं कापायचं, लांब होऊन बघायचं, परत थोडं. टोकांना हात लावायचा नाही. टोकं म्हणजे भांडवल.

मग मेण. बाजारात आता मिशीच्या मेणाच्या चकचकीत डब्या मिळतात, त्यांच्या किमतीत घरातला आठवड्याचा भाजीपाला येईल. आमची रीत सोपी. पोळ्याचं मेण सुपारीएवढं, त्यात खोबरेल तेल, वाटी गरम पाण्यात ठेवायची. उन्हाळ्यात मेण जास्ती, थंडीत तेल जास्ती. आमच्या नगर जिल्ह्याची थंडी अशी की पौष महिन्यात खोबरेल बाटलीत दगड होऊन बसतं. चुलीच्या कडेला बाटली ठेवायची आणि वाट बघायची. हे वाट बघणंसुद्धा मजेतच धरायचं. मग चिमूटभर मेण अंगठा आणि तर्जनीत चोळायचं, ऊब येईस्तोवर. मधून टोकाकडं न्यायचं. शेवटी पीळ. एक वेढा, दोन वेढे, आणि सोडायचं. टोक जरासं थरथरतं आणि तिथंच थांबतं.

त्या वेळेला माणसाला जे वाटतं त्याला आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे. हौस.

खाण्यापिण्यातही मिशीचा वाटा असतो. बशीतला चहा फुरकताना मिशी आधी पिते, मग आपण. काळ्या मसाल्याचा रस्सा ओरपला की त्याचा वास संध्याकाळपर्यंत नाकाखाली राहतो. हुरड्याच्या दिवसांत तर बघायलाच नको. चार दाणे पोटात, दोन मिशीत. आमची मंडळी म्हणते, आधी मिशी धुवा, मग काय बोलायचं ते बोला. आणि टोचते, असंही म्हणते. तिचंही खरं आहे.

*

आता भाषा बघा. मिशीवर ताव मारणे. मिशीला पीळ देणे. मिशी खाली येणे. अमुक झालं नाही तर मिशा उतरवून देईन, ही पैज. मराठीत मिशीचा एवढा संसार आहे, पण ह्यातली मिशी कुणाची? ज्याच्याजवळ पैजेला लावायला अब्रू आहे, म्हणजे गावानं ज्याची अब्रू मान्य केलीय, त्याची. गरिबाच्या मिशीला भाषेनं एकच जागा ठेवली. पोटात नाही आणि मिशीला तूप लावून फिरतो! म्हणजे आमची मिशी म्हणजे सोंग. पाटलाच्या मिशीला तूप लागलं तर ते जेवण, आमच्या मिशीला लागलं तर ती चोरी नाहीतर नक्कल.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार, महारही बलुतेदार. दोघांनाही गावानं कामाला जुंपलेलं. पण न्हाव्याचा वस्तरा महारवाड्याची वेस ओलांडत नव्हता. महाराच्या गालाला लागलेलं पातं पाटलाच्या गालाला कसं चालेल? म्हणून महारवाड्यानं आपली डोकी आपणच भादरली. माझ्या आज्याची हजामत त्याचा चुलतभाऊ करायचा. वस्तरा बोथट, साबण नाही, पाणी थंड. तरी माझी आजी सांगायची, मिशीच्या जागेला आला की तो श्वास रोखून धरायचा. तेवढी जागा जपायची.

आज्याची मिशी झुपकेदार होती. चावडीवरून बोलावणं आलं की तो निघण्याआधी बोटं पाण्यात बुडवायचा आणि टोकं खाली चेपायचा. 'जोहार मायबाप' म्हणून कमरेत वाकायचं, तर टोकं वर ठेवून कसं वाकणार? काम करून परत आला, ओढा ओलांडला, की टोकं परत वर. एवढीशी मिशी, पण तिला दोन पत्ते होते. गावातला एक, महारवाड्यातला एक.

ह्यात न्हाव्याला शिव्या घालून भागत नाही. १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनीच विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. बाईच्या डोक्यावर वस्तरा कुणाच्या हुकमानं फिरतो, ते वस्तरा धरणाऱ्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं हात आखडला. हात न्हाव्याचा, हुकूम दुसऱ्याचा. तो हुकूम देणारा शोधायचा.

तो फार लांब नाही. मनुस्मृतीनं चांडाळासाठी लिहून ठेवलंय, मेलेल्यांची वस्त्रं घाला, फुटक्या भांड्यात जेवा, लोखंडाचे दागिने घाला. नीट वाचा. उपाशी मरा, असं तिथं लिहिलेलं नाही. जगा, काम करा, पण नटू नका! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब आमच्या आयाबायांशी लुगड्याबद्दल बोलले. लुगडं कसं नेसायचं, गळ्याहाताचे जडशीळ दागिने का टाकायचे, कारण तीच जात ओळखायची खूण. पुस्तक जाळणारा माणूस लुगड्याच्या निऱ्यांवर बोलत होता. कुणी म्हणालं का, साहेब, एवढे मोठे प्रश्न पडलेत आणि तुम्ही लुगड्यावर काय बोलताय?

*

मिशी मोकळी व्हायची एक वाट पलटणीतून गेली. ती वाटही सरळ नव्हती. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. लढाऊ जातींची यादी केली, त्यात आम्ही बसलो नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिले. १९१७ ला लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरली तशी १९२१ ला मोडली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती टिकली.

आज्याचा धाकटा भाऊ त्या रेजिमेंटमध्ये होता. रजेवर यायचा तो पीळदार मिशी घेऊन. वेशीतून ताठ यायचा. गाव बघायचं आणि गप बसायचं, कारण मिशीखाली खाकी होती. पण रजेत कपडे धुवायला टाकले आणि धोतरावर बाहेर पडायची वेळ आली, की आज्या त्याला म्हणायचा, बाबा, जरा चेप. म्हणजे गावानं मान दिला तो खाकीला. मिशी अजून उधारीवरच होती.

आणि पलटणीतली मिशी तरी कुणाची? गोऱ्यांच्या फौजेत तर १९१६ पर्यंत नियमच होता, वरचा ओठ भादरायचा नाही. तिथं हुकूम, ठेव. इथं हुकूम, चेप. दोन्हीकडं ओठ दुसऱ्याच्याच मालकीचा.

केरळात एस. हरीश ह्यांची 'मीशा' नावाची कादंबरी २०१८ साली आली. त्यात वावच्चन नावाचा पुलया जातीतला गडी नाटकात पोलिसाचं काम करतो. त्या कामासाठी मिशी वाढवतो. नाटक संपतं, पण हा मिशी काढत नाही. एवढंच. आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं जमीनदारांचा मुलूख घाबरतो. नाटकात ठेवली तर चालते, स्वतःसाठी ठेवली तर चालत नाही. सरकारच्या हुकमानं ठेवली तर चालते, हौसेनं ठेवली तर चालत नाही.

आपल्याकडं जोहार संपला तो मागून मागून. वतनाच्या जुलमाविरुद्ध बाबासाहेब १९३९ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात, हरेगावला बोलले. कायद्यानं महार वतन जायला १९५८ साल उजाडलं. वतन गेलं, गावकीची कामं गेली, पण मिशी मोजणारा डोळा गावात राहिला.

*

तो डोळा फक्त आमच्याच गावात आहे असं समजू नका. सप्टेंबर २०१७. गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यातलं लिंबोदरा गाव. मिशी ठेवली म्हणून दलित पोरांना दरबारांनी मारलं. मग गुजरातभर पोरांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोच्या जागी मिशी लावली, वर मुकुट, खाली 'मिस्टर दलित'. मला ते आवडलं. अर्ज न करता दिलेलं उत्तर होतं ते.

पुढं दीडच वर्षानं, १ मार्च २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या कैदेतून परत आले आणि त्यांच्या मिशीचं देशाला वेड लागलं. सलूनात रांगा. तसलीच कापून द्या! त्याच वर्षी लोकसभेत एका पुढाऱ्यानं मागणी केली, ही मिशी राष्ट्रीय मिशी म्हणून जाहीर करा. त्या अधिकाऱ्याचं शौर्य त्याच्याजवळ, माझा त्याला सलाम आहे. माझा सवाल मिशीच्या नकलेबद्दल आहे. ती नक्कल करून रस्त्यानं फिरणाऱ्या कुणाला कुणी विचारलं का, तुझी जात कोणती, तू कशी काय ठेवलीस?

मार्च २०२२. राजस्थानात पाली जिल्ह्यात एका मेघवाल आरोग्य कर्मचाऱ्याला सुऱ्यानं भोसकून मारलं. गॉगल घालून, मिशीला पीळ देऊन फोटो काढायची हौस होती गड्याला. घरचे आणि कार्यकर्ते म्हणाले, त्याची राहणी, त्याची मिशी खुपत होती. पोलीस म्हणाले, जुनं वैर. पण ते जुनं वैर तरी कशावरून पेटलं असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता गुजरात-राजस्थानला हसू नका. घरी या. आमचा जिल्हा. काल अहमदनगर, आज अहिल्यानगर. पाटी बदलली. १ जानेवारी २०१३, नेवासा तालुक्यात सोनई, तीन मेहतर पोरं कापली. कारण एकाचं प्रेम. एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यात खर्डा, सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा मारून झाडाला टांगला. कारण मुलीशी बोलणं. तिथं साक्षीदार फिरले आणि २०१७ ला आरोपी सुटले. मे २०१५, शिर्डी, नर्सिंग शिकणारा पोरगा. कारण खिशातल्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. नावं मी इथं लिहीत नाही. ती तुम्हाला पाठ आहेत.

एका ओळीत ठेवून बघा. प्रेम. बोलणं. गाणं. मिशी. ह्यातल्या एकानं तरी कुणाच्या बांधाला हात लावला होता का? कुणाची विहीर मागितली होती का? सगळ्यांचा गुन्हा एकच. त्यांना मजा येत होती, आणि ती ते लपवत नव्हते.

हे सरकारलाही ठाऊक आहे. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३, पोटकलम १, खंड ई काढून वाचा. अंगावरचे कपडे उतरवणं, डोकं भादरणं, तोंडाला काळं फासणं, ह्याच रांगेत मिशी काढणं हे शब्द लिहिलेले आहेत. जबरदस्तीनं केलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. ह्या देशात संसदेला कायद्यात मिशी लिहावी लागली, ह्यावरून समजा ती किती वेळा कापली गेली असेल! हे कलम प्रत्येक वस्तीत मोठ्या अक्षरात लावा. पण ध्यानात ठेवा, कायदा मिशी काढणाऱ्याबद्दल बोलतो. ठेवणाऱ्याच्या हौसेबद्दल तो गप्प आहे. तिथं बोलायचं काम आपलं.

*

आता आपल्यातल्या दोन तऱ्हेच्या लोकांशी भांडायचंय.

पहिले, शिकलेले. ते म्हणतात, सभ्य दिसा. गुळगुळीत व्हा. कॉलेजात असताना एका पुरोगामी म्हणवणाऱ्या प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, मुलाखतीला जाताना मिशी जरा कमी करा, आक्रमक दिसते. त्यांच्या मागं भिंतीवर लोकमान्य टिळकांची तसबीर होती. ती मिशी बघा आणि माझी बघा. पण ती आक्रमक नव्हती, ती राष्ट्रीय होती. आता हेच आपले साहेबलोक सांगतात आणि वर पुरावा देतात, बाबासाहेबांना कुठं होती मिशी?

अरे, नव्हती. त्यांना ती हौस नव्हती. त्यांना सुटाबुटाची होती, फाउंटन पेनांची होती, कुत्र्यांची होती, उतारवयात व्हायोलिन शिकायची होती. पुस्तकांसाठी तर राजगृह बांधलं. ज्या माणसाला वर्गात गोणपाटावर बसवलं, पाण्याला शिवू दिलं नाही, त्यानं आपल्या आवडीचं पेन निवडून घ्यावं, ह्यात केवढी मस्ती आहे ते बघा की! त्यांचा तुळतुळीत ओठ घ्यायचा नाही, ती निवडायची मस्ती घ्यायची. तुला दाढी करून गुळगुळीत राहायची हौस असेल तर रहा बाबा. पण हौस म्हणून रहा. भीतीनं भादरू नकोस.

दुसरे, आपले तरणे गडी. ह्यांच्यावर माझा जास्ती जीव आहे म्हणून जास्ती बोलतो. उत्तरेत चंद्रशेखर आझादची पीळदार मिशी बघून पोरांनी मिशा राखल्या. चांगलं झालं. पण काहींनी मिशी राखली ती पाटलासारखी दिसायला. मोबाईलवर फोटो, हातात तलवार, खाली ओळ, 'वाघाची जात'. गड्या, सिनेमातल्या पाटलाची मिशी ओठावर चिकटवायची तर आज्यानं ती चेपली तेच काय वाईट होतं? पाटलाची मिशी उभी राहते कारण कुणाची तरी खाली चेपलेली असते. तसली मिशी तुला पाहिजे का? मग तुझ्याखाली कोण चेपला जाणार ते आधी सांग. मांग? भंगी? पारधी? का घरातली बाई?

बाईचं तर बोललंच पाहिजे. मिशी असेल तर पुढं ये, मर्द असशील तर मिशी ठेव, ही भाषा आपल्या सभेत चालते आणि समोर बाया बसलेल्या असतात. महाडच्या तळ्यावर ज्या आयाबाया आल्या त्यांना मिशा होत्या का? दिवसभर मिशीला पीळ देऊन संध्याकाळी बायकोवर हात उचलणारा मला दोन वस्त्या सोडून भेटतो. त्याच्या मिशीत आणि चावडीवरच्या मिशीत मला फरक दिसत नाही. बाईला नथीची हौस असेल, स्कूटीची असेल, काळ्या चष्म्याची असेल. तिची हौस तुला खुपायला लागली की समज, गावाचा डोळा तुझ्याच कपाळात बसलाय.

माझं म्हणणं एवढंच. मिशी कुणाला भिवडवायला ठेवायची नाही आणि कुणाला भिऊन काढायची नाही. आरशात बघून स्वतःशी हसू येतं, म्हणून ठेवायची. हे हसू फार जुन्या उधारीचं आहे. आज्याची टोकं, त्याच्या भावाची टोकं, ओढ्याअलीकडं वर आणि ओढ्यापलीकडं खाली गेलेली सगळी टोकं ह्यात जमा आहेत. ज्या दिवशी चावडीवर, पारावर, एसटीत, कोर्टात, बँकेच्या रांगेत ती एकाच पत्त्यावर राहतील त्या दिवशी मिशीवर लिहायची गरज उरणार नाही. तोवर लिहीत राहायचं, आणि रोज विंचरत राहायचं.

आणि ज्याला आमच्या मिशीचा पीळ मोजायचाच आहे, त्यानं पट्टी घेऊन दिवसाउजेडी यावं. येताना कलम ३ वाचून यावं. आम्ही चहा ठेवू. बशीतून पिऊ, मिशी भिजेपर्यंत.

जय भीम.